सिंहाचा कान

इटलीत बोलोन्यातल्या ज्या कार्यशाळेत मी जुन्या कागदांची डागडुजी करते, तिथं मागच्या महिन्यात एक चित्र आलं. गुडघ्यावर बसलेला संत जेरोम, हातात दगड, मागं गुहा, गुहेत सिंह. सतराव्या शतकातलं, चित्रकार गुएर्चिनोच्या वळणाचं. गुएर्चिनो (१५९१–१६६६) इथून जवळच्याच चेंतोचा; चकणा होता म्हणून हे नाव पडलं. चित्र त्याचं की शिष्याचं, त्या वादात मी पडत नाही.

सोबतच्या चिठ्ठीवर ‘बिस्त्र’ लिहिलं होतं. बिस्त्र म्हणजे लाकडाच्या काजळीची तपकिरी शाई. मला पटेना. काजळी अशी कागद खात नाही. पिसाच्या लेखणीनं ओढलेल्या बारीक रेघा शाबूत होत्या, पण गुहेच्या अंधारात, जिथं कुंचला भरभरून शाई लावली होती, तिथं चिंध्यांचा तो चिवट कागद करपलेल्या पापडासारखा तडकला होता. उलटा केला तर मागूनही गुहा दिसायची.

लोह ओळखणारी चाचणीपट्टी ओली केली, टिपून घेतली आणि अर्धा मिनिट रेघेवर दाबली. पट्टीवर हळूहळू गुलाबी रंग चढला. मोकळं लोह! म्हणजे मायफळ, हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंकाची शाई. मायफळ तेच, आजी बाळगुटीत उगाळायची ते. ओकच्या फांदीत एक बारका किडा अंडं घालतो, त्याभोवती झाड ही गाठ धरतं. त्यातलं टॅनिन हिराकशीत मिसळलं की काळीभोर शाई होते. पुढे ती तपकिरी पडते. जास्तीचं लोह आणि आम्ल मात्र कागदाचे तंतू तोडत राहतात.

सहकारी म्हणाली, फायटेटच्या, म्हणजे मोकळं लोह बांधून ठेवणाऱ्या क्षाराच्या द्रावणात बुडवू या. एरवी मीही हो म्हटलं असतं. पण छायेभोवती पिवळट किनार होती. पूर्वी कुणीतरी ओल्या खळीनं ते पुठ्ठ्यावर डकवलं होतं आणि ओलाव्याबरोबर लोहही पसरलं होतं. पुन्हा पाणी नको, म्हटलं. जिलेटिन लावून वाळवलेला पातळ जपानी कागद जेमतेम दमट करून तडे मागून सांधायचे, एवढंच.

चित्र उलटताना मोहरीएवढा कपटा टेबलावर पडला. सिंहाचा कान! खिडकी बंद करायला सांगितली, स्वतःचा श्वास धरला, कोरड्या कुंचल्याच्या टोकानं तो उचलला. बसवायला चाळीस मिनिटं लागली.

संध्याकाळी चिठ्ठीवरच्या ‘बिस्त्र’खाली खरी शाई लिहून ठेवली. पेन्सिलीनं, आमच्या खोलीत शाईचं पेन आणायला बंदी आहे.