माइकला पाठ असते

साउंडवाल्या अण्णांच्या टेम्पोत बसून मी पहिल्यांदा गेलो तो मिरजेजवळच्या एका गावात, हरिनाम सप्ताहाला. वय अठरा. काम म्हणजे स्टँड उचलणं, केबल टाकणं आणि अण्णा सांगतील तिथं गप्प उभं राहणं. तिसऱ्या दिवशी कीर्तन असं रंगलं, की बुवांच्या मागचे पंचवीसेक टाळकरी पेटलेच. बुवांचा शब्द टाळांत बुडायला लागला. अण्णांच्या शेजारीच होतो, त्यामुळं माझा हात आपसूक मिक्सरवरच्या बुवांच्या फेडरकडं, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाकडं गेला. अण्णांनी मनगटच धरलं.

"तो वर केलास तर टाळ बी वर येणार. बुवा कोण अन् टाळ कोण, माइकला काय कळतंय?"

मग गजर सुरू झाल्यावर ते वाकून स्टेजवर गेले, बुवांच्या माइकची मान उचलून हनुवटीजवळ आणली, मागं वळून टाळकऱ्यांना हात जोडले आणि म्हणाले, "माउली, दोन पावलं मागं सरा." बास. परत येऊन हात पाठीमागं बांधून उभे राहिले. बुवांचा शब्द टाळांतून वर आला आणि मिक्सरवरचं एकही बटण हललं नव्हतं.

अंतर दुप्पट झालं की उघड्यावर आवाज सहा डेसिबलनं पडतो, हे मला पुढं पुस्तकात सापडलं. अण्णांनी तसलं पुस्तक कधी उघडलं असेल, असं वाटत नाही. त्यांचा कान मिरजेतल्या तंतुवाद्यं बनवणाऱ्या गल्लीत तयार झाला होता. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथं येतात आणि तंबोरे होऊन बाहेर पडतात. लहानपणी ते तासन्‌तास जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावणाऱ्या कारागिरासमोर बसत. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, परत कानस. तारेखालचा दोरा केसभर सरकला तरी मुका तंबोरा बोलायला लागतो. हे ज्यानं रोज पाहिलंय, तो मिक्सरवर दहा बटणं पिळत बसत नाही. त्यानंतर मी ज्यांना मानलं ती सगळी माणसं याच जातीची निघाली. त्यांचा हात बटणाकडं सगळ्यात शेवटी जायचा.

अण्णांचं एक वाक्य आमच्या धंद्यात घराण्याच्या बंदिशीसारखं फिरतं : माइकला पाठ असते. शूरचा एसएम ५८ घ्या. १९६६ पासून बाजारात आहे आणि गावजत्रेपासून मोठ्या महोत्सवापर्यंत सगळीकडं दिसतो. समोरचं त्याला छान ऐकू येतं, पाठीमागचं जवळजवळ नाही. म्हणून गायकाचा मॉनिटर, म्हणजे त्याला स्टेजवर ऐकू यावं म्हणून त्याच्याकडं तोंड करून ठेवलेला स्पीकर, माइकच्या बरोबर पाठीशी ठेवायचा, म्हणजे मॉनिटरचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी मारत नाही. "नको ते पाठीमागं ठेवायचं," अण्णा म्हणायचे. हे ते फक्त माइकबद्दल बोलत नसावेत, असा मला संशय आहे, कारण ठरलेले पैसे न देणाऱ्या मंडळांविषयीही त्यांचं हेच धोरण होतं.

पहिलं दीड वर्ष मी फक्त केबल गुंडाळली. कोपर आणि अंगठ्याभोवती दोरखंडासारखी गुंडाळायला लागलो, तर अण्णांनी ती सगळी उलगडून परत हातात दिली. एक वेढा सरळ, दुसरा मनगट आत वळवून उलटा. असं केलं की केबलला पीळ बसत नाही आणि पुढच्या कार्यक्रमात एक टोक धरून फेकली, की गाठ न पडता सरळ जाते. पीळ पडत राहिला की आतली तार पिनेशी तुटते, आणि ती तुटते नेमकी प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहतात तेव्हा. आजही पोरगं नवीन आलं की मी त्याचं मिक्सरचं ज्ञान विचारत नाही. एक केबल हातात देतो आणि चहा प्यायला जातो.

नाटकाच्या दौऱ्यावर एक भाऊ भेटले. पार्श्वसंगीत तेव्हा कॅसेटवर असायचं. एकेका सुरावटीची एकेक कॅसेट, आणि प्रत्येकीच्या चाकात पेन्सिल घालून फीत अशी फिरवून ठेवलेली, की बटण दाबलं की पुढच्या श्वासाला सूर. पुढं लॅपटॉप आला, पेन्सिल गेली, पण भाऊंची एक सवय राहिली. ते अंधारात नटांबरोबर संवाद पुटपुटायचे. नटानं वाक्य गाळलं तर यांचं बोट थांबायचं, नट रेंगाळला तर हेही रेंगाळायचे. शेकडो प्रयोगांत त्यांचं नाव एका तरी परीक्षणात आलं का? माझ्या बघण्यात नाही.

आणि आमच्यातली एक मुलगी, मॉनिटर सांभाळणारी. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण मी तिला मनात गुरूच म्हणतो. मॉनिटर हे सगळ्यात शिव्या खाणारं काम. गायकाला तंबोरा जास्त हवा, तबलजीला पेटी हवी, पेटीवाल्याला स्वतःखेरीज काहीच नको. ती मिक्सरकडं बघतच नाही, गायिकेच्या भुवयांकडं बघते. हात वर व्हायच्या आत दुरुस्ती झालेली असते. एकदा शिट्टी सुरू होते न होते तोच म्हणाली, "अडीच हजार," आणि त्या कंपनसंख्येचा सूर तेवढाच कापला. मी तोवर चष्मा शोधत होतो.

अण्णांनी काम सोडून काही वर्षं झाली. परवा आमच्याच गावात शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम होता, मांडणी माझी. दुपारी रिकाम्या मंडपात आवाज घुमत होता, पण माणसं भरली की ती आवाज पितात, म्हणून मी निश्चिंत होतो. मागच्या लोकांसाठी पस्तीस मीटरवर वेगळे स्पीकर लावले होते. आवाजाला तिथं पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणून त्या स्पीकरना तेवढंच थांबवून ठेवलं होतं. कार्यक्रम छान झाला. गायकानं स्टेजवरून आभारही मानले, जे क्वचित घडतं.

गर्दी ओसरल्यावर अण्णा काठी टेकत आले. मी पाया पडलो. त्यांनी मिक्सरकडं पाहिलंही नाही.

"डाव्या अंगाच्या तिसऱ्या खांबाला बसलो होतो," एवढंच म्हणाले आणि रिक्षाकडं निघाले.

पोरं केबल गुंडाळत होती. मी त्यांना थांबवलं, मागचे स्पीकर परत चालू करायला लावले, तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि त्या खांबाला पाठ टेकून सतरंजीवर जाऊन बसलो.