तुम्ही विचारलंत म्हणून: चिखलाचे टायर का उतरवले

पणजीत पेट्रोल भरताना, वाळपईच्या बाजारात, परवा एका लग्नाच्या मांडवातसुद्धा तोच प्रश्न आला. "थारचे ते दणकट मड टायर काढून हे का घातलेस?" विचारणाऱ्याला माझं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, माहीत असतं, घरापर्यंतची वाट माहीत असते, म्हणूनच त्याला ते पटत नाही. आजवर मी "आवाज फार करायचे" एवढं सांगून वेळ मारून नेली. ते खोटं नाही. पण कारण ते नव्हे.

मुळात ते घातले का, ते आधी सांगतो, कारण "रुबाबासाठी घातले होते" असं म्हणणाऱ्यांचा मला अजून राग येतो. आमच्या घरापासून डांबरी रस्ता दीड किलोमीटर. मधली सगळी तांबडी माती, आणि व्हाळाजवळ, म्हणजे ओढ्याजवळ, एक चढ. एका जुलैत रात्री बाबांना दम लागला, आणि गाडी त्या चढावर रुतली. कंपनीचे टायर होते, २४५/७५ आर १६. त्यांच्या खाचा पहिल्या पन्नास पावलांतच चिखलाने बुजल्या. मग फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा सावकाश गिअर, लावून काय होणार? दोनऐवजी चार गुळगुळीत चाकं जागच्या जागी फिरतात, एवढंच. शेजारच्या चौघांनी बाबांना खुर्चीत बसवून, डोक्यावर ताडपत्री धरून वरपर्यंत नेलं. त्याच आठवड्यात मी २६५/७५ चे, म्हणजे मापाने मोठे, मड टायर घेतले. मोठे ठोकळे, मधे रुंद फटी. चाक फिरलं की चिखल झटकून टाकतात आणि पुन्हा धरतात. पुढचा सबंध पावसाळा तो चढ मी एकदाही न अडकता चढलो.

डांबरावर हेच टायर वेगळे वागतात. फटी रुंद म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. साध्या टायरच्या ठोकळ्यांवर ज्या बारीक चिरा असतात, ज्या ओल्या रस्त्यावरचा पाण्याचा पातळ थर मोडून पकड देतात, त्या मड टायरवर जवळजवळ नसतात. हे मला टायरवाल्याने सांगितलं होतं, ऑफिसमधल्या मित्रानेही सांगितलं होतं. मी म्हणायचो, मी हळू चालवतो. आणखी एक गोष्ट मी मनावर घेतली नव्हती. चाक मोठं झालं की वेगाचा काटा कमी दाखवतो. माझ्या मापात सुमारे चार टक्के. काटा पन्नासवर, तर गाडी बावन्नला.

दोन वर्षांपूर्वीचा जून. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि पहिला मोठा पाऊस रात्री पडून गेला होता. साखळी, आमोण्याचा पूल, खांडोळे, माशेल, बाणस्तारी, हा माझा पणजीला जायचा रोजचा रस्ता, येऊन-जाऊन नव्वदेक किलोमीटर. पहिल्या पावसात डांबरावर उन्हाळाभराची धूळ आणि तेल मिळून जो राप चढतो, तो माहीत असलेला माणूस मी. पाऊस तेव्हा भुरभुरत होता. माशेलच्या अलीकडे उतारावर पुढे बस थांबली, बसच्या मागे एक स्कूटर थांबली. मी ब्रेक दाबला. वेळेवर दाबला, हे आजही सांगतो. पेडल पायाखाली थरथरू लागलं, म्हणजे एबीएस आपलं काम करत होतं, चाकं अडकली नव्हती. तरी गाडी पुढे जातच राहिली. वेग कमी होत होता, पण अंतर त्याहून लवकर संपत होतं. मी स्टिअरिंग डावीकडे, गटाराच्या बाजूला वळवलं. गाडी वळली, पण उशिरा. बंपरचा उजवा कोपरा स्कूटरला मागून लागला.

फार जोरात नाही, असं सगळे म्हणाले. त्या बाई हातावर पडल्या आणि मनगट मोडलं. पुढे पायाशी ठेवलेली पिशवी फाटून वह्या रस्त्यावर पसरल्या. खाकी कव्हर घातलेल्या, लेबलं चिकटवलेल्या, मुलाचं नाव लिहिलेल्या. मी त्या गोळा करत होतो आणि त्या म्हणत होत्या, "राहू देत हो, भिजल्याच." मीच त्यांना इस्पितळात नेलं. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं होतं, आणि सबंध वाटेत मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते बोलणं मी अजून ऐकायला तयार आहे.

पोलिसांना मी सांगितलं, रस्ता निसरडा होता. खरंच होता. टायरचं कोणी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

मी सहा महिने स्वतःला समजावलं की कुठल्याही टायरवर हेच झालं असतं. मग मूळ मापाचे एटी, म्हणजे ऑल-टेरेन टायर, घेतले, ज्यांना दुकानात फिफ्टी-फिफ्टी म्हणतात: ठोकळे मध्यम, वर बारीक चिरा. पुढच्या पावसाळ्यात एका पहाटे मी त्याच उतारावर, रस्ता रिकामा असताना, त्याच वेगात ब्रेक दाबून पाहिला. धडक झाली ती जागा मी एका माडावरून ओळखतो. गाडी त्याच्या बरीच अलीकडे थांबली. मी गाडीत बसून राहिलो.

आता तुम्ही म्हणाल, पावसाळ्यापुरते मड टायर चढवावेत, एरवी हे. मलाही आधी तेच वाटायचं. पण ज्या चार महिन्यांत माती चिखल होते, त्याच चार महिन्यांत डांबर ओलं असतं. रोजचे तीन किलोमीटर चिखल आणि नव्वद किलोमीटर ओलं डांबर. हिशेब कुठे झुकतो ते दिसतं. फक्त त्या हिशेबात बाबांची रात्र बसत नाही.

जमेल ते केलंय. चढावर जांभ्या दगडाचे तुकडे टाकून घेतले. डांबरावरून मातीत उतरताना टायरमधली हवा २० पीएसआयवर आणतो, त्याखाली नाही, कारण जांभ्याची धार टायरची बाजू कापते. डांबराला लागण्याआधी छोट्या पंपाने पुन्हा भरतो, कितीही घाई असली तरी. गेल्या जुलैत तरीही दोनदा गाडी वरच ठेवून चालत घरी आलो.

मड टायर विकलेले नाहीत. खोपीत सुपारीच्या पोत्यांमागे उभे आहेत. गिऱ्हाईक आलं होतं, तोही रोज पणजीला जाणारा, म्हणून दिले नाहीत. मे संपत आला की बाबा तिकडे बघून विचारतात, "यंदा चढवायचे काय रे?" मी म्हणतो, बघू. ते पुढे काही बोलत नाहीत. गेल्या वर्षापासून खुर्ची मात्र त्यांनी दाराजवळ आणून ठेवली आहे.