खोडरबराचा चुरा

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या घरात एक नवाच कचरा व्हायला लागला आहे. टेबलावर, गादीवर, माझ्या पुस्तकांच्या पानांत, एकदा तर चष्म्याच्या डबीतसुद्धा सापडला. बारीक, करड्या, अळ्यांसारखा वळलेला खोडरबराचा चुरा. भाची तेरा वर्षांची आहे आणि तिला चित्रांचं वेड लागलंय. ते किती वाढलं हे बाकीचे तिच्या भरलेल्या वह्यांवरून ठरवतात. घरात झाडू माझ्याकडे असल्यामुळे मी चुऱ्यावरून ठरवतो.

सहा-सात वर्षांची होती तेव्हा चुरा पडतच नसे, कारण ती काही खोडतच नसे. कागदाच्या वरच्या कडेला निळा पट्टा म्हणजे आकाश, खालच्या कडेला हिरवा म्हणजे जमीन, मधली सगळी जागा मोकळी. घोड्याला चुकून पाच पाय झाले तर पाचव्याची शेपटी व्हायची. एका बैठकीत आठ चित्रं, आणि आठही झकास. मग कधीतरी, दहा-अकराव्या वर्षी, तिने आपल्याच चित्राकडे परक्याच्या नजरेने पाहिलं आणि म्हणाली, "हा घोडा नाहीये." त्या संध्याकाळी घरभर खोडरबराची शोधाशोध झाली.

या वयात बरीच मुलं चित्रं सोडतात. मीही सोडली होती. डोळ्याला चूक दिसायला लागते, पण हाताला ती सुधारता येत नाही. डोळा आपला चार पावलं पुढे आणि हात मागून लंगडत येतोय, असा तो काळ असतो. मला ती ओढाताण सोसली नाही. हिला मात्र बहुधा तिचीच गोडी लागली आहे. एकच कान सतरा वेळा काढते. कागद खोडून खोडून मऊ होतो, त्याची लव निघते, शेवटी भोक पडतं. मग नवा कागद आणि तोच कान.

सगळ्यात जास्त चुरा हातांचा. तिच्या वह्यांत माणसं पुष्कळ आहेत, पण वर्षभर त्यांतल्या एकालाही हात नव्हते. सगळे हात पाठीमागे बांधून उभे, नाहीतर खिशात घालून. एका मुलीच्या हातात फुलांचा एवढा थोरला गुच्छ होता की बोटं दिसायचा प्रश्नच नव्हता. "हिला थंडी वाजतेय का?" असं मी एकदा खिशातल्या हातांबद्दल विचारलं. दोन दिवस अबोला.

तो मोडावा म्हणून मी तिला ड्यूरर या जुन्या जर्मन चित्रकाराचं चित्र दाखवलं. आल्ब्रेख्त ड्यूररने 1484 साली, तेराव्या वर्षी, आरशात बघून स्वतःला काढलं होतं. व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात ते आजही आहे. काढलंय चांदीच्या टोकाने. कागदावर आधी एक खरखरीत लेप द्यायचा आणि त्यावर चांदीची अणी फिरवायची. चांदीचा अगदी सूक्ष्म थर मागे राहतो आणि हळूहळू तपकिरी होतो. ती रेघ सहजासहजी खोडता येत नाही. चूक झालीच तर ती तिथेच राहते. खोडरबर तेव्हा युरोपात नव्हतंच. पुढे शिसपेन्सिली आल्यावरही कितीतरी वर्षं रेघा पुसायला पावाचा मऊ गर वापरत. रबराने पेन्सिल छान पुसली जाते, असं जोसेफ प्रिस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं ते थेट 1770 मध्ये.

मला वाटलं, बिनखोडरबराचा तेरा वर्षांचा मुलगा बघून हिच्यावर काहीतरी परिणाम होईल. तिने चित्र बराच वेळ पाहिलं, मोठं करून पाहिलं आणि म्हणाली, "मामा, याने पण एक हात बाहीत लपवलाय."

खरंच लपवलाय. एक हात बोट करून काहीतरी दाखवतोय आणि दुसरा, बहुतेक चित्र काढणारा, बाहीत गडप. इतकी वर्षं मी ते चित्र पाहतोय, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. तिला मात्र तेच आधी दिसलं. हात लपवण्यातली तिची तपश्चर्या मोठी होती ना.

मध्यंतरी चुऱ्याचा रंग बदलला. करड्याचा काळाकुट्ट झाला आणि माझी झाडण्याची कामं दुप्पट झाली. तिने चारकोल आणला होता. अख्खा कागद आधी कोळशाने काळा करायचा, बोटाने घासून एकसारखा करायचा आणि मग त्यावर खोडरबर चालवायचं. जिथे उजेड हवा तिथून काळं उचलून घ्यायचं. यासाठी वेगळं खोडरबर मिळतं, कणकेसारखं मळता येणारं. त्याला टोक काढता येतं, चपटं करता येतं, नुसतं टेकवून उचललं तरी काळेपणा थोडा हलका होतो. ते मात्र चुरा टाकत नाही, काळं स्वतःच्याच पोटात घेतं. माझं त्या वस्तूवर विशेष प्रेम आहे.

इतके दिवस चूक पुसणाऱ्या त्या गोष्टीने ती आता चित्र काढत होती. मी दारात उभा राहून पाहिलं. डोळे बारीक करून ती समोर बघे, म्हणजे बारकावे पुसट होतात आणि उजेड-अंधार तेवढे उरतात. मग खोडरबराचा एक फटकारा. काळ्यातून नाकाची कड वर आली. मग गाल. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक "श्शी!", हाताचा पंजा कागदावर फिरला आणि सगळं पुन्हा काळं.

परवा रात्री मी वाचत बसलो होतो. ती समोर येऊन मांडी घालून बसली, मांडीवर फळी, नाकावर कोळशाचा डाग.

"मामा, पुस्तक धरलंयस तसंच धर."

"पान तरी उलटू दे."

"नाही. बोटं हलतील."

तेच पान मी पाऊण तास वाचत होतो. अंगठ्याला मुंग्या आल्या. मधे एकदा मान तिरकी करून डोकवायचा प्रयत्न केला, तर तिने फळी छातीशी धरली. शेवटी "हं" म्हणाली आणि कागद माझ्यासमोर टाकून हात धुवायला गेली. माझं डोकं कागदाच्या बाहेरच राहिलं होतं. पुस्तक म्हणजे नुसता एक पुसट चौकोन. मधोमध, काळ्यातून उचललेली चार बोटं आणि एक अंगठा. अंगठा जरा लांबच झालाय.

मी तो तिला सांगितलेला नाही. तिला दिसलाच असेल. सकाळी टेबलाखाली चुरा होता.