देठ सांभाळा

"देठ धरून उचलायचा नाही!" शेतावरच्या नऊ दिवसांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की आता भोपळा नुसता दिसला तरी हात आपोआप त्याच्या बुडाखाली जातो. ओरडणाऱ्या आजी सत्तरीच्या पुढच्या, पण आवाज या बांधावरून त्या बांधापर्यंत जायचा.

सामुदायिक भाजीपाल्याच्या शेतावर ऐन शरदात, सुगीच्या दिवसांत राहायचं, हे बरेच दिवस मनात होतं. प्रवासात एक आख्खा दिवस गेला. शेवटची बस चुकली आणि उरलेली वाट चिखल तुडवत संपवली, याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही. पोचले तेव्हा कुणी नावगाव विचारलं नाही, हातमोजे दिले आणि गाजरांच्या वाफ्याकडे बोट दाखवलं. मला हे स्वागत मनापासून आवडलं. कामाला लावलं की माणूस लगेच घरचा होतो. झोपायची सोय मात्र वाईट होती. माळ्यावर पातळ गादी, डोक्यावर वाळत टांगलेल्या लसणाच्या वेण्या आणि आंघोळीला जेमतेम कोमट पाणी. जाणार असाल तर जाड पांघरूण घेऊन जा. मी नेलं नव्हतं आणि पहिल्या दोन रात्री कुडकुडत काढल्या.

इथे साठेक कुटुंबं सभासद आहेत. हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळे पैसे भरतात, त्यातून बी-बियाणं, खत, अवजारं येतात आणि मग दर शनिवारी जे निघेल त्याचे सारखे वाटे होतात. पीक भरघोस आलं तर सगळ्यांचं, बुडालं तर तेही सगळ्यांचं. ही कल्पना काही आजची नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात 'तेइकेई' नावानं शेतकरी आणि शहरातली घरं अशी थेट जोडली गेली. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशरमधल्या दोन शेतांनी याच पद्धतीनं सुरुवात केली. यंदा या शेतावर कांदा साफ गेला होता. पावसानं माना सडल्या. त्यामुळे साठही घरी शेतातला कांदा नाही. कुणी तक्रार करत नव्हतं, पण कांद्याच्या रिकाम्या वाफ्यावर मुलांनी फुलं वाहून ठेवली होती, शेजारी एक छोटी पाटीसुद्धा, 'आमचा लाडका कांदा'. तिथून जाताना मोठी माणसंही गंभीर चेहरा करून दोन क्षण थांबायची.

झुकिनीचं दुखणं नेमकं उलटं. ती संपतच नव्हती. दर शनिवारी प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच, आणि सगळे इतके कंटाळलेले की पाठ वळली की आपली झुकिनी हळूच शेजारच्याच्या टोपलीत सरकवायचे. एक पानाआड राहून गेलेली, हाताएवढी लांब झालेली झुकिनी तर तीन शनिवार फिरत होती म्हणे. चौथ्या शनिवारी एका छोट्या मुलीनं तिला दुपट्यात गुंडाळून बाहुली केली आणि तो प्रश्न सुटला.

बटाटे आणि गाजरं दोन आजोबांच्या ताब्यात होती. दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं. खणायला लांब दातांचा लोखंडी काटा एकच, आणि तो रोज सकाळी दोघांनाही हवा. बटाटेवाले आजोबा कुठलाही बटाटा घाईनं काढू देत नसत. वरचा पाला वाळला तरी जमिनीत अजून पंधरा दिवस ठेवायचा, तोवर साल पक्की होते. त्यांनी एक बटाटा माझ्या तळहातावर ठेवला आणि अंगठ्यानं सालीवर दाबून घासायला सांगितलं. साल कागदासारखी सरकली, खाली पांढरं ओलं अंग दिसलं. "हा अजून बाळ आहे," असं म्हणून त्यांनी तो वेगळा ठेवला, आज रात्रीच्या रश्श्यासाठी. आठवड्यानं त्याच सरीतला दुसरा बटाटा मी कितीही घासला तरी साल हलली नाही. काढलेले बटाटे ते लगेच गोणपाटाखाली झाकायचे. उजेड लागला की हिरवे होतात आणि हिरवा बटाटा पोटाला बाधतो. गाजरवाले आजोबा मात्र आलेल्या प्रत्येकाला आपली दोन पायांची गाजरं दाखवायचे. मातीत खडे असले की मुळाला वाट काढावी लागते आणि गाजराला फाटे फुटतात, असं त्यांचं म्हणणं. बटाटेवाल्यांचं म्हणणं, खडे काढायला कुणी हात धरला होता? हे रोज. नाश्त्याआधी.

मधले तीन दिवस पावसात गेले.

आता त्या संध्याकाळबद्दल. त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले आहे. पाच वाजता वारा पडला. ढग पांगले, आकाश काचेसारखं स्वच्छ झालं. मला ते फार सुंदर वाटलं. आजींनी मात्र वर बघितलं आणि हातातलं खुरपं खाली टाकलं. ढग म्हणजे जमिनीचं पांघरूण. ते गेलं आणि वाराही नसला की जमिनीतली ऊब रात्रभर वर निघून जाते आणि पहाटे दव गोठतं. भोपळ्याला गारठा सोसत नाही. एकदा गोठलेला भोपळा पुढे टिकत नाही, सडतो. आणि शेतात तीनशेच्या वर भोपळे पडलेले.

सभासदांना फोन गेले. तासाभरात माणसं यायला लागली. कुणी ऑफिसच्या कपड्यांत, पोरं झोपायच्या कपड्यांत आणि पायात गमबूट, एक बाई कुठल्याशा समारंभातून तशाच रेशमी कपड्यांत आल्या होत्या. त्यांनी अंगठ्या काढून आजींच्या खिशात टाकल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. आम्ही बावीस जण झालो. शेतापासून कोठारापर्यंत एक साखळी, हातातून हातात भोपळा. पुढे दोघं विळ्यानं देठ कापत होते, चांगला चार बोटं लांब ठेवून. देठ हे भोपळ्याचं झाकण. ते शाबूत असेल आणि साल दहा-पंधरा दिवस उबेत वाळून टणक झाली, तर तो कित्येक महिने राहतो. देठ तुटला की त्या जखमेतून सड आत शिरते. म्हणून आजींची ती हाळी.

आणि माझ्याच हातून तुटला. अंधार पडला होता, बोटं बधिर झाली होती, चांगलाच जड भोपळा हातातून निसटायला लागला आणि मी देठ पकडला. कट्. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मला अक्षरशः रडू आलं. पाच-सहा महिने कुणी कुणी पाणी घातलेली, राखलेली ती गोष्ट होती आणि मी तर आदल्या आठवड्यात आलेली पाहुणी. आजी आल्या, भोपळा उलटसुलट करून बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "हा आपण आधी खाऊ." कोयंडा घालावा तसा तुटका देठ त्यांनी एप्रनच्या पट्ट्यात खोवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. ओरडल्या नाहीत. या एका वागण्यासाठी मी त्या शेतावर पुन्हा जाईन.

मोजणीचं काम मुलांकडे होतं. एकशे बाराव्या भोपळ्याला कुणीतरी शिंकलं, आकडा हुकला आणि मुलांनी ठरवलं की पहिल्यापासून. मोठ्यांनी हात टेकले. शेवटी एकूण किती झाले यावर तीन वेगवेगळे आकडे आहेत आणि तिन्ही कोठाराच्या दारावर खडूनं लिहून ठेवले आहेत. मग टोमॅटो. हिरवे असले तरी तोडून घेतले, चौदा क्रेट. ते घरात पिकतात, जवळ एखादं पिकलेलं फळ ठेवलं तर लवकर. रात्री अकराला मी बघितलं, तर बॅटरी एकच आणि ती धरून दोन्ही आजोबा खांद्याला खांदा लावून शेवटच्या ओळीत भोपळे शोधत होते. "इकडे उजेड पाड", "तुझ्याच पायाशी आहे, बघ". भांडण चालूच होतं, पण बॅटरी दोघांच्या हातात होती.

कुरळ्या पानांच्या केल भाजीला मात्र कुणी हात लावला नाही. मी विचारलं तर आजी म्हणाल्या, "तिला राहू दे. तिची आज मजा आहे."

पहाटे उठून बाहेर आले. सगळं शेत पांढरं. भोपळ्याचे वेल एका रात्रीत काळे पडून लोळागोळा झालेले, काल याच पानांवर माझा तळहात पसरून मावत होता. केल तशीच ताठ उभी, प्रत्येक कुरळ्या काठावर बर्फाची बारीक झालर. आजींनी एक पान तोडून माझ्या हातात दिलं. आदल्या दिवशी हीच भाजी कडसर लागली होती, आता जिभेवर गोडवा आला. थंडी पडली की झाड पानात साखर साठवतं, साखरेमुळे आतलं पाणी लवकर गोठत नाही. मी तिथेच उभी राहून तीन पानं कच्ची खाल्ली.

शनिवारी सुगीचा दिवस होता आणि त्याबद्दल मला राग आहे. रात्रीच्या बावीस जणांऐवजी दीडशे माणसं आली, बहुतेक फोटोसाठी. लोक भोपळ्यांवर बसत होते, मुलांना उभं करत होते. एकानं दोन भोपळे देठांना धरून डंबेल्ससारखे वर उचलले. आजी तोंड उघडणार तोच त्या झुकिनीवाल्या मुलीनं अशी किंकाळी फोडली की त्या गृहस्थांनी दोन्ही भोपळे बाळासारखे छातीशी धरले आणि तसेच कोठारापर्यंत नेऊन ठेवले. फोटो काढायला माझी ना नाही. पण एक तास वाफ्यात बसून मग काढा.

निघायच्या आदल्या दिवशी लसूण लावला. पाकळ्या सुट्या करायच्या, टोक वर, बोटभर खोल. हिवाळाभर थंडी खाल्ल्याशिवाय लसणाच्या नीट पाकळ्या पडत नाहीत, म्हणून तो आताच जमिनीत जातो. आम्ही संध्याकाळपर्यंत चार वाफे लावले आणि वर वाळका पाला अंथरला.

त्या रात्री माझा भोपळा शिजला. मोठ्या पातेल्यात, सगळ्यांना पुरला. आजींनी त्याच्या बिया धुऊन, वाळायला ठेवून सकाळी कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. भोपळ्याच्या जाती शेजारी शेजारी असल्या की मधमाश्या परागांची सरमिसळ करतात, तेव्हा या बियांतून काय निघेल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुडीवर पेन्सिलनं लिहिलं आहे, "लाव आणि कळव." त्याखाली, जरा मोठ्या अक्षरात, "देठ!"