घरच्या गॅरेजमध्ये इंजिन बदललं, पण चिपळूणच्या दादाला काही पटेना

मे महिन्याच्या सुट्टीत गुहागरला आलोय आणि आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतोय, तू म्हणे तिकडे घरीच गाडीचं इंजिन बदललंस? आईने कुणाकुणाला सांगून ठेवलंय देव जाणे.

तर हो, बदललं. अमेरिकेत, ओहायोमध्ये, कोलंबसजवळ, आमच्या घराला लागून जे गॅरेज आहे त्यात. हौस वगैरे काही नव्हती. इंजिनमधून खटखट यायला लागली, बिग एंडचं बेअरिंग, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे जोडतो तिथलं, गेलेलं, आणि वर्कशॉपवाल्याने ५,००० डॉलर सांगितले, त्यातले जवळजवळ निम्मे नुसती मजुरी. तासाला १५० डॉलर. गाडी १५ वर्षं जुनी, विकायला काढली तरी तेवढे येणार नाहीत, मग तिकडे लोक एकतर ती भंगारात देतात नाहीतर स्वतः पाने घेऊन बसतात.

इंजिन मिळायला मात्र काहीच त्रास नाही. भंगारवाल्यांचा सगळा माल कॉम्प्युटरवर असतो, गाडीचं मॉडेल टाकलं की कुठल्या यार्डात कुठलं इंजिन आणि किती मैल पळालेलं ते दिसतं. मागून ठोकलेल्या गाडीचं बघायचं, कारण पुढचा भाग शाबूत असतो. शिवाय जपानहून कंटेनर भरभरून जुनी इंजिनं येतात, तिथे शाकेन नावाची सक्तीची तपासणी आहे, नव्या गाडीला ३ वर्षांनी आणि नंतर दर २ वर्षांनी, आणि ती इतकी महाग पडते की लोक चांगल्या चालत्या गाड्या काढून टाकतात. मला यार्डातलं ९०० डॉलरला पडलं, वर १०० डॉलर डिपॉझिट, जुनं इंजिन आणून दिलं की ते परत.

सामानाचीही सोय असते. इंजिन उचलायचा हॉइस्ट भाड्याने मिळतो, आणि पार्टसच्या दुकानातून स्पेशल पाने डिपॉझिट भरून घरी नेता येतात, परत केले की पूर्ण पैसे हातात. खरा वेळ जातो तो सोडवण्यात. प्रत्येक वायरच्या कनेक्टरवर मास्किंग टेप लावून नंबर, प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, मोबाइलवर फोटोच फोटो. एसीचे पाइप सोडायचे नाहीत, तो गॅस हवेत सोडणं तिकडे कायद्याने गुन्हा आहे, म्हणून कॉम्प्रेसर पाइपसकट बाजूला काढून तारेने बांधून ठेवायचा. आणि गंज! थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे खालचा एकेक बोल्ट असा धरलेला की आपल्या वेळणेश्वरला समुद्राकाठी वर्षानुवर्षं उभी असलेली रिक्षा बरी.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असला तर इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा हा अवजड डबा त्याच्या तोंडाशी बसतो, हाताने फिरवत फिरवत आत ढकलायचा, एकदा टक् होतं, मग अजून थोडा आत, परत टक्, आणि तो पूर्ण आत गेला तरच इंजिन नि गिअरबॉक्स बोल्ट न आवळता एकमेकांना टेकतात. मध्ये फट राहिली आणि ती बोल्टने खेचून बुजवली की गिअरबॉक्सचा पंप फुटलाच. शेवटी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून नुसता सेल्फ मारत राहायचं, ऑइलचा दिवा विझला की मग फ्यूज लावायचा आणि चालू करायचं. झालं चालू.

आता आमच्या दादाचं ऐका. आतेभाऊ, चिपळूणला हायवेवर त्याचं गॅरेज आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तू इंजिन खोललंच नाहीस?" नाही खोललं. "मग काम काय केलंस रे, नटबोल्ट काढले नि लावले!"

त्याच्या हिशेबाने बेअरिंग गेलं म्हणजे इंजिन गेलं असं होतच नाही. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, काढायचा, लेथवर ग्राइंड करून आणायचा, घासून बारीक झालेल्या मापाला बसणारी ०.२५ मिलिमीटर अंडरसाइज बेअरिंग टाकायची, जमलं तर पिस्टनच्या रिंगाही बदलून घ्यायच्या, विषय संपला. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा त्याच्याकडे गाड्यांची रांग लागली होती. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉडच वाकतो, म्हणून हा आधी बॅटरीची वायर काढायचा, मग प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर. खालून ऑइल सोडलं की दुधाच्या चहासारखं पडायचं, म्हणे. अमेरिकेत असली बुडालेली गाडी इन्शुरन्सवाले टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची, ठरवून मोकळे होतात, याने त्यातल्या कितीतरी परत रस्त्यावर आणल्या.

इंजिन बदलणं इकडे कागदावरही सोपं नाही. आपल्या आरसीवर चेसिस नंबरसोबत इंजिन नंबर असतो, म्हणजे दुसरं टाकलं की त्याची बिलं घेऊन रत्नागिरीला आरटीओत जा, नवा नंबर चढवून घ्या, नाहीतर पुढे गाडी विकताना बोंब. ओहायोत गाडीच्या कागदावर चेसिसचाच नंबर, इंजिन कुठलं आहे ते कुणी विचारत नाही. मला वाटतं दादाला हे सगळ्यात जास्त खटकलं, उद्या चोरीच्या गाडीचं इंजिन घालून फिरशील तरी कळायचं नाही म्हणाला, आणि ते काही अगदीच खोटं नाही.

माझा मुद्दा मी सोडला नाही. मजुरी तासाला १५० डॉलर असेल तर इंजिन खोलून बसणारा मेकॅनिक कुणाला परवडणार? त्यावर त्याने विचारलं जुन्याचं काय केलंस. यार्डात परत दिलं, १०० डॉलर मिळाले. "१०० डॉलर? अरे, आख्खा ब्लॉक, इंजिनाचा सगळा सांगाडा होता तो," म्हणाला आणि समोर उघड्या पडलेल्या बोलेरोत परत डोकं घातलं.