रिकाम्या पुंगळीच्या काठात

मी नवी मुंबईत रायफल नेमबाजी शिकवते. दहा मीटर एअर रायफलच्या मुलांचं सहसा अडत नाही, पेलेटचे डबे मिळत राहतात. अडतं ते पन्नास मीटरवाल्यांचं, कारण त्यांना .२२ चे राउंड, म्हणजे .२२ इंची गोळीची काडतुसं लागतात. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या क्लबच्या कपाटात हे राउंड इतके कमी उरले होते, की कोणाला किती द्यायचे हे मी आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरवून टाकायचे.

मॅचच्या दर्जाचे .२२ बनवणारे कारखाने जगात मोजकेच. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एली, जर्मनीत शोनेबेकला लापुआ आणि फ्यूर्थला आरडब्ल्यूएस, ही त्यातली मोठी नावं. आपल्या खडकीचे राउंड सरावाला चालतात, पण मॅचसाठी नेमबाज बाहेरचेच मागतात. नॅशनल रायफल असोसिएशनमार्फत माल मागवायचा, परवानग्या आणि कस्टम्स पार पाडायचे, मग वाटप. एरवीही हे काम रेंगाळतंच. त्यात कोविडने सगळं लांबवलं आणि फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर युरोपातल्या दारूगोळ्यावर लष्करी मागणीचा ताण आला. थ्री पोझिशनच्या एका मॅचला साठ गोळ्या लागतात, गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने वीस-वीस. त्याआधी नेम बसवायला साइटर्स वेगळे. सरावाचा हिशेब तर विचारूच नका.

माझ्याकडे कळव्याची एक मुलगी शिकत होती. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनचं, म्हणजे झोपून नेम धरण्याचं जगज्जेतेपद मिळवलं, तो फोटो तिने किट बॅगच्या झाकणाला आतून चिकटवला होता. राज्य स्पर्धा तोंडावर आली होती आणि मी तिला आठवड्यातून एकच दिवस राउंड देत होते. बाकीचे दिवस होल्डिंग म्हणजे रायफल नुसती धरून ठेवणं, ड्राय फायरिंग म्हणजे गोळीशिवाय चाप ओढणं, आणि बॅरलला स्कॅटचा सेन्सर लावून संगणकावर नेमाची रेघ बघणं. मुलगी कुरकुरत नव्हती. बेचैन होते ते तिचे बाबा. वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला त्यांची हयात गेली होती. डाय, पंच आणि फिक्स्चर करणारा माणूस.

एका रविवारी ते मुलीबरोबर पनवेल लोकलने आले, खिशात मापाचं व्हर्निअर घेऊनच. लेनच्या मागे ठेवलेल्या ट्रेमधली रिकामी पुंगळी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं पितळी कवच, हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? माझा पुतण्या टेक्सासला असतो. तिकडे लोक घरच्या गॅरेजमध्ये गोळ्या परत भरतात म्हणे. आपण का नाही भरायच्या? पितळ आहे, शिसं आहे. डाय मी करतो."

मी आधी कायदा सांगितला. आर्म्स ॲक्टच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस तयार करता येत नाही, आणि आमच्याकडे तर रिकाम्या पुंगळ्याही मोजून रजिस्टरला चढवतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कायदा कळला. तो मोडायचा नाहीच. पण कायदा नसता तरी झालं नसतं का, ते मला बघायचंय."

प्रश्न रास्त होता. क्लबच्या सेक्रेटरींना विचारून, रजिस्टरमध्ये नोंद करून मी एक पुंगळी ऑफिसात आणली. बाबांनी ती हँड व्हाइसमध्ये आडवी धरली, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि बारीक कानशीने उभी घासायला घेतली. घाई अजिबात नाही. तीन-चार हात मारायचे, फुंकर न मारता पितळेचा कीस कागदावर झटकायचा, बघायचं, पुन्हा कानस. अर्धी पुंगळी निघून गेल्यावर त्यांनी डोळ्याला आयग्लास लावला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग आयग्लास माझ्या हातात दिला.

पुंगळीच्या बुडाशी जो काठ बाहेर आलेला असतो, तिथे पितळेचा पातळ पत्रा स्वतःवरच दुमडलेला होता, पुरीची कड दुमडावी तसा. त्या घडीच्या आत एक अरुंद पोकळी काठाभोवती गोल फिरलेली. धक्क्याने पेटणारं मिश्रण कारखान्यात याच पोकळीत भरलेलं असतं. फायरिंग पिन काठावर आपटते, घडी चेपते, मिश्रण पेटतं आणि त्याने आतली दारू पेटते. आमच्या पुंगळीत पिनने मारलेल्या जागी घडी पार मिटली होती, आणि बाबांनी घासलेला छेद नेमका तिथूनच गेला होता.

"टेक्सासवाल्यांच्या पुंगळीला हे नसतं?" त्यांनी विचारलं.

नसतं. मोठ्या रायफलच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध वेगळा प्रायमर बसवलेला असतो, शर्टाच्या बटणाहूनही लहान. फुटलेला प्रायमर काढून नवा बसवता येतो, म्हणून ती पुंगळी परत वापरता येते. अर्थात प्रायमर मिळाला तर. २०२० नंतर अमेरिकेत तोच मिळेनासा झाला. लोकांकडे पितळ, शिसं, दारू आणि यंत्रं सगळं पडून होतं, आणि एवढ्याशा तुकड्यावाचून काम थांबलं होतं. हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे पुतण्याचंही अडलेलंच आहे." मग पुंगळी कागदावर ठेवत म्हणाले, "घडी उघडायला गेलो तर पत्रा फाटणार. ही वस्तू एकदाच वापरायला केलीय."

मला वाटलं विषय संपला. त्यांनी पुढचा प्रश्न काढला: "नवीन करता येत नाहीत. मग आहेत त्यातल्या वाया किती जातात?"

तिथून खरं काम सुरू झालं. मी त्यांना लॉटबद्दल, म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेल्या मालाबद्दल सांगितलं. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे राउंड असले तरी खोक्यावरचा लॉट नंबर बदलला की बॅरलचं वागणं बदलतं. कुठल्या बॅरलला कुठला लॉट मानवेल ते आधी सांगता येत नाही, झाडूनच कळतं. परदेशी कारखान्यांत त्यासाठी रायफल शिकंज्यात धरून चाचणी घेतात. आम्ही मुलांना झोपवून ग्रुप काढायचो, म्हणजे गोळ्यांची भोकं किती पसरतात ते मोजायचो, पण त्यात खांदा, श्वास आणि नाडी हे सगळं मिसळतं.

बाबांनी त्याच कागदावर पेन्सिलने हिशेब मांडला. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, गोळी ५.६ ची, आणि वर्तुळाला नुसतं शिवलं तरी दहा मिळतात. म्हणजे भोकांच्या बाहेरच्या कडा २१.६ मिलिमीटरच्या गोलात मावल्या, तर दहाच्या दहा गोळ्या दहात बसू शकतात. इतकी वर्षं शिकवतेय, पण मुलांना मी हे असं कधी मांडून दाखवलं नव्हतं. आता पहिल्याच दिवशी दाखवते.

पुढे क्लबच्या परवानगीने त्यांनी रायफल धरायचा तसाच शिकंजा, म्हणजे फिक्स्चर केलं. खाली जाड एम.एस. प्लेट, वर नायलॉनचे जबडे, आणि झाडल्यावर रायफल मागे सरकून पुन्हा त्याच जागी येईल अशी स्लाइड. चाचणीच्या सकाळी पाऊस थांबला होता आणि वारा जवळजवळ नव्हता. कपाटात दोन लॉट होते. प्रत्येकातले दहा-दहा राउंड झाडले. त्या टंचाईत वीस राउंड असे खर्चायला माझा जीव होत नव्हता, पण दुसरा उपाय नव्हता.

पहिल्या लॉटचा ग्रुप भरला २५ मिलिमीटर. दुसऱ्याचा १७. रायफल तीच, शिकंजा तोच, खोक्यांचा रंगही तोच. म्हणजे पहिल्या लॉटवर मुलीने काहीही चूक केली नसती तरी नऊ लागले असते, आणि तिने ते स्वतःच्या हाताला लावून घेतले असते. तिने दोन्ही टार्गेट शेजारी ठेवून पाहिली आणि मागच्या महिन्याची स्कोअरवही उघडून कुठल्या दिवशी कुठलं खोकं होतं ते शोधत बसली.

नाकारलेला लॉट टाकवत नव्हता. म्हणून बाबांनी दुपारी ऐरोलीच्या एका मुलाची रायफल फिक्स्चरमध्ये बसवली आणि त्याच २५ वाल्या लॉटचे राउंड लावले. ग्रुप १८ चा आला. माल क्लबच्या साठ्यातलाच होता, त्यामुळे संध्याकाळी मी रजिस्टर उघडून तो लॉट त्या मुलाच्या सरावाला लावला, आणि दुसऱ्याची उरलेली सगळी खोकी राज्य स्पर्धेसाठी कळव्याच्या मुलीच्या नावावर राखून ठेवली.