कुठल्या गावच्या पोरी गं या?

आई २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे शिकागोला आली होती. लेक मिशिगन बघून झालं, मॉल झाले, दोन घरची जेवणं झाली. आता हिला कुठे न्यावं सुचेना, म्हणून एका संध्याकाळी रोझमाँटला सॉफ्टबॉलच्या, म्हणजे बेसबॉलच्याच जातीच्या खेळाच्या, मॅचला नेलं. ओहेअर विमानतळाला खेटून असलेलं हे गाव. तिथे २०११ साली खास बायकांच्या व्यावसायिक सॉफ्टबॉलसाठी बांधलेलं, दोनेक हजार खुर्च्यांचं आटोपशीर मैदान आहे.

आईला सॉफ्टबॉल नवा नाही. मी जळगावात शाळेपासून खेळायचे. घरात खेळाचं कौतुक बेताचं, सर्टिफिकेटचं जास्त. राज्य पातळीवर खेळलं की दहावीला सवलतीचे गुण आणि पुढेमागे सरकारी नोकरीत खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाची आशा. आमच्या मॅचचे प्रेक्षक म्हणजे दोन सर, पाण्याचा ड्रम आणणारे मामा आणि कुणाचा तरी रडका धाकटा भाऊ. त्यामुळे तिकीट काढून आलेली माणसं बघूनच आई हरखली. पाचेक मिनिटं बघितलं आणि तिनं तो प्रश्न विचारला, जो आपल्याकडे लग्नापासून एसटीपर्यंत सगळीकडे पहिला विचारतात. "कुठल्या गावच्या पोरी गं या?"

मी अडकलेच. कारण अॅथलीट्स अनलिमिटेड नावाची ती लीग २०२० साली सुरू झाली ती गावं न ठेवताच. चार संघ, त्यांना नावं रंगांची: नारिंगी, निळा, सोनेरी, जांभळा. प्रत्येक खेळाडूला तिच्या खेळाचे गुण मिळायचे, आठवड्याच्या शेवटी वरच्या चौघी कॅप्टन व्हायच्या आणि सगळ्या खेळाडू पुन्हा वाटून घ्यायच्या. म्हणजे आज नारिंगीत दिसणारी पोर पुढच्या आठवड्यात जांभळ्यात.

"अगं, हे तर लगोरीसारखं झालं. भिडू वाटून घ्यायचे," आई म्हणाली. मग जरा वेळानं, "मग टाळ्या कुणासाठी वाजवायच्या?"

खेळ उत्तम चालला होता, मी शपथेवर सांगते. सॉफ्टबॉलची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, बॅटरपासून ४३ फुटांवर उभी असते. क्रिकेटचं पिच ६६ फुटांचं, त्याचा दोन तृतीयांश फक्त. हात खालून गर्रकन फिरतो आणि ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरनं चेंडू येतो. राइज बॉल तर बॅटखालून येतोय असं वाटेपर्यंत बॅटच्या वरून निघून जातो. पुढच्या रांगांत बसलं की कॅचरच्या ग्लोव्ह्जमध्ये तो बसल्याचा फट्ट आवाज छातीत लागतो. आईनं पॉपकॉर्न संपवलं, दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन झोपली.

आता याच्या उलट बाजू बघा. आमच्या शेजारच्या बाई मूळच्या ओक्लाहोमाच्या. सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्या दारावर ओक्लाहोमा विद्यापीठाचा लाल झेंडा बारा महिने असतो, आणि स्वतः बाई तिथे एक दिवसही शिकलेल्या नाहीत! प्रशिक्षक पॅटी गॅसोंच्या पोरींनी २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षं राष्ट्रीय कॉलेज विजेतेपद जिंकलं. त्या चारही वर्षी बाईंनी मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा घरी कुणाला जेवायला बोलावलं नाही. ही स्पर्धा ओक्लाहोमा सिटीत होते, स्टेडियम तेरा हजारांचं. २०२८ ची ऑलिंपिक स्पर्धा लॉस एंजेलिसला असली तरी तिचा सॉफ्टबॉल इथेच खेळवणार आहेत. बाईंनी भाचीकडच्या खोलीवर आत्ताच हक्क सांगून ठेवलाय.

२०२५ च्या फायनलला मी त्यांच्याकडे होते. तीन मॅचची फायनल, टेक्सस विद्यापीठ विरुद्ध टेक्सस टेक विद्यापीठ. ओक्लाहोमा नव्हतंच. मी म्हटलं, मग कशाला बघता? तर म्हणाल्या, टेक्ससला हरताना बघायचंय. त्यांचं टेक्ससशी जन्माचं वैर आहे, पवनाकाठच्या दोन गावांचं कुस्तीवरून असावं तसं. पहिल्या मॅचमध्ये टेक १-० नं पुढे. सहाव्या इनिंगमध्ये टेक्ससची रीझ अॅटवूड बॅटिंगला आली आणि टेकची पिचर नायजॅरी कॅनडी हिला तिला मुद्दाम चार चेंडू बाहेर टाकून पहिल्या बेसवर फुकट सोडायचं होतं. सगळ्या देशाला ते दिसत होतं. त्यातला एक चेंडू मात्र हवा तेवढा बाहेर गेला नाही. अॅटवूडनं हात लांबवून तो मारला, दोन रन झाले आणि टेक्ससनं मॅच २-१ अशी घेतली. बाईंनी जो उसासा टाकला तो आमच्या अंगणापर्यंत ऐकू गेला असेल. तिसऱ्या मॅचला टेक्ससनं १०-४ असं पहिलंच विजेतेपद घेतलं. ती मॅच सुमारे २४ लाख लोकांनी टीव्हीवर बघितली. या खेळाच्या कॉलेज स्पर्धेत एवढा प्रेक्षक आधी कधी मिळाला नव्हता. २०२१ साली तर मुलींच्या या स्पर्धेनं त्याच महिन्यातल्या मुलांच्या कॉलेज बेसबॉलला प्रेक्षकसंख्येत चांगलंच मागे टाकलं होतं.

आपल्याकडे हे डोकं चालेनासं करणारं आहे. आंतरविद्यापीठ सामन्याला आपण कधी गेलोय? आपण आयपीएल बघतो आणि रणजीला रिकाम्या खुर्च्या असतात. इथे कॉलेजच्या पोरींना लाखो प्रेक्षक, आणि त्याच पोरी पदवी घेऊन व्यावसायिक झाल्या की दोन हजारांचं मैदान.

टीव्हीवाल्यांनाही कॉलेजचा खेळ सोयीचा पडतो. सात इनिंग्ज, दोन-अडीच तासांत कारभार उरकतो. मैदान लहान, त्यामुळे कॅमेऱ्यात पिचरच्या गालावरचं चमचमतं ग्लिटरसुद्धा दिसतं. हंगाम असा की अमेरिकन फुटबॉल झोपलेला असतो. ईएसपीएन या क्रीडा वाहिनीनं वर्षानुवर्षं नेमानं मॅचेस दाखवल्या आणि लोकांना सवय लागली.

व्यावसायिक लीगला अशी सवय लावायला वेळच मिळाला नाही. टेनिसपटू बिली जीन किंग आणि पिचर जोन जॉइस यांनी १९७६ मध्ये लीग काढली, ती चार हंगामांत गुंडाळली. २००४ साली नॅशनल प्रो फास्टपिच आली, २०२१ मध्ये तीही बंद. तिथे २०१६ साली मोनिका अॅबट हिनं सहा वर्षांचा १० लाख डॉलरचा करार केला तेव्हा केवढी वाहवा झाली होती! आत बघितलं तर हमखास पगार वर्षाला २० हजार, उरलेले पैसे किती प्रेक्षक येतात त्यावर. लीगमध्ये अख्ख्या संघाच्या पगाराची मर्यादाच दीड लाख डॉलर होती, मग दुसरं काय करणार? आणि ती कॅनडी, तेव्हा कॉलेजातच, तिला २०२४ साली टेकच्या पाठीराख्यांनी वर्षभरासाठी १० लाख ५० हजार २४ डॉलर दिले. वरचे २४ तिच्या जर्सीच्या नंबराचे. पैसा आहे हो लोकांकडे. तो 'आपल्या' पोरीसाठी सुटतो.

२०२५ च्या जूनमध्ये, कॉलेज फायनलनंतर लगेच, अॅथलीट्स अनलिमिटेडची नवी लीग सुरू झाली. पुरुषांच्या मेजर लीग बेसबॉलनं पैसे घातले, कमिशनर म्हणून किम अंग आल्या, ज्या मेजर लीगमध्ये संघाच्या जनरल मॅनेजर झालेल्या पहिल्या बाई. आता संघ ठरलेले होते: बँडिट्स, टॅलन्स, ब्लेझ, व्होल्ट्स. भिडू वाटणं संपलं. पण गाव तेव्हाही नव्हतं, चौघे संघ तमाशाच्या फडासारखे शहरोशहरी फिरत होते. ओक्लाहोमाची पिचर सॅम लँड्री हिला व्होल्ट्सनं सगळ्यात आधी निवडलं. मी मोठ्या उत्साहानं शेजारी सांगायला गेले. बाई खूश झाल्या, मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "व्होल्ट्स कुठले?"

मला एकदम आई आठवली.

२०२६ साठी लीगनं शेवटी गावं वाटली. सहा संघ. व्होल्ट्स टेक्ससला गेले. लँड्रीचं नाव काढलं तर बाई आता गप्प बसतात. ओक्लाहोमा सिटीचा स्पार्क नावाचा संघ लीगमध्ये आलाय, त्यामुळे त्यांची सोय झाली. त्यांनी लगेच टोपी मागवली. बँडिट्स शिकागोचे झाले, मैदान तेच रोझमाँटचं. मी रविवारी आईला फोनवर सांगितलं, आता या आपल्या शिकागोच्या पोरी.

"हो का?" आई म्हणाली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "आणि त्यात एक तरी शिकागोची आहे का गं?"

यादी मी अजून बघितलेली नाही.